'विस्मृत' म्हणजे कुणाला? : नेवाळीच्या विमानतळानिमित्त

स्थानिक इतिहासाच्या आपल्या लेखनात 'विस्मृत' हे विशेषण फार स्वस्त झाले आहे. विस्मृत बारव, विस्मृत गढी, विस्मृत नाटककार. लेखकाला एखादी गोष्ट काल ठाऊक झाली, की ती आजवर सर्वांच्याच विस्मरणात गेली होती असे गृहीत धरायचे आणि मग हळहळायचे, अशी ही रीत. बारवेच्या बाबतीत ती खपून जाते. कल्याणजवळच्या नेवाळीच्या जुन्या विमानतळाला मात्र कुणी 'विस्मृत' म्हणू लागले, तर त्या शब्दाला हरकत घ्यावीच लागते.

हा विमानतळ दुसऱ्या महायुद्धातला. मार्च १९४२ मध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडले, एप्रिलमध्ये विशाखापट्टण आणि काकीनाडा येथे बाँब पडले, आणि हिंदुस्थानभर घाईघाईने धावपट्ट्या आखल्या जाऊ लागल्या. कल्याणहून मलंगगडाकडे जाणाऱ्या वाटेवर नेवाळी, भाल, द्वारली या परिसरातील गावांची जमीन त्याच सुमारास ब्रिटिश सरकारने घेतली. वर्तमानपत्रांतून येणारा आकडा सोळाशे एकरांच्या आसपासचा आहे. युद्ध संपले, विमाने गेली, जमीन संरक्षण खात्याकडे राहिली. शेतकरी मात्र तीत भात आणि भाजीपाला पिकवीत राहिले. युद्धापुरती घेतलेली जमीन परत मिळायची होती, हे तेथील घराघरांत तीन पिढ्या सांगितले गेले. रीतसर मिळालेली ती संरक्षण खात्याची मालमत्ता आहे, ही सरकारची बाजू. नौदलाने तेथे कुंपणाची भिंत घालायला घेतली, आणि २२ जून २०१७ रोजी लोक रस्त्यावर आले. पोलिसांच्या गाड्या जळल्या, पोलीस जखमी झाले, आंदोलकांना छरे लागले.

पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या धावपट्टीसाठी माणसे छरे खातात, ती धावपट्टी विस्मृत कशी? विसर पडला असेल तर तो लिहिणाऱ्यांना.

आता याच महानगराच्या दुसऱ्या टोकाकडे पाहावे. गिरगाव चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली विमान उडविले, ही कथा आपण किती जिव्हाळ्याने जपली आहे! त्या उड्डाणाचा विश्वसनीय समकालीन पुरावा आजवर पुढे आलेला नाही. तळपदे यांच्या नावाशी जोडल्या जाणाऱ्या 'वैमानिकशास्त्र' या ग्रंथाची बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी १९७४ साली चिकित्सा केली. ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तरीही २०१५ च्या जानेवारीत मुंबई विद्यापीठात भरलेल्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला, आणि त्याच महिन्यात तळपद्यांवरचा हिंदी चित्रपटही आला. उडाल्याचा पुरावा नसलेल्या विमानाला कथा, चरित्र, चित्रपट सर्व काही मिळाले. जेथून खरीखुरी विमाने उडाली, त्या जमिनीला मिळाली पोलीस ठाण्यातील नोंद. अभिमानाला आकाश लागते, जमीन अडचणीची असते. जमिनीचा विषय निघाला की ती कुणाची, हे विचारावे लागते.

यावर ठरलेला आक्षेप असा : हे महसूल खात्याचे काम आहे, साहित्याच्या अभ्यासकाचे नव्हे. मला हे मुळीच मान्य नाही. नेवाळीचा तंटा बऱ्याच अंशी शब्दांचा तंटा आहे. कायद्याच्या मराठीत 'अधिग्रहण' आणि 'संपादन' हे दोन वेगळे शब्द आहेत. अधिग्रहणात सरकार तात्पुरता ताबा घेते, मालकी मूळ माणसाची राहते. संपादनात मालकीच जाते. युद्धकाळात भारत संरक्षण नियमांखाली सरकारला अधिग्रहणाचे अधिकार होते, आणि युद्धानंतर ते ताबे चालू ठेवण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. नेवाळीत या दोहोंपैकी काय घडले, हाच तर वादाचा गाभा. आणि आपली वृत्तपत्रे, क्वचित आपले प्राध्यापकही, हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी बेधडक वापरतात. एका कवितेतील एका शब्दाच्या छटेवर चर्चासत्रे भरविणाऱ्यांनी या दोन शब्दांतील अंतराकडे पाहू नये, हे विलक्षण आहे. (बेचाळीस म्हटले की आम्हांस गवालिया टँक आठवते, ते योग्यच. पण त्याच बेचाळिशीत कल्याणच्या पलीकडे कुणाचे शेत गेले, हे पाठ्यपुस्तकाबाहेरचे.)

याहून बोचणारी गोष्ट आणखी आहे. हा मुलूख मुख्यत्वे आगरी समाजाचा. आगरी लग्नांत धवले गाणाऱ्या धवलारणींकडे मराठीच्या अभ्यासकांचे लक्ष आहे. गीते टिपून घ्यावीत, बोलीची रूपे नोंदवावीत, प्रबंध लिहावा. त्यात गैर काही नाही. पण ज्या ओटीवर बसून हळदीचे गाणे उतरवून घ्यायचे, त्याच ओटीवर त्याच बाईला 'तुमचे शेत कोणत्या साली गेले, तेव्हा घरात काय बोलले गेले' हे विचारायचे नाही? गाणे तेवढे लोकसाहित्य, आणि जमीन गेल्याची हकीकत ही तक्रार, ही वाटणी कुणी केली? ती हकीकतही पिढ्यान्पिढ्या तोंडी चालत आली आहे. तिलाही तिची वळणे आहेत, ठरलेल्या जागा आहेत, सांगणाऱ्यागणिक पडणारे फरक आहेत. लोकवाङ्मयाच्या कोणत्या व्याख्येतून ती वगळायची, हे कुणीतरी मला समजावून द्यावे.

तिच्यातील प्रत्येक तपशील खरा असेल असे नाही. युद्धानंतर जमीन परत देण्याचे वचन नेमके कुणी दिले, तोंडी की लेखी, हे तपासावेच लागेल. त्यासाठी सरकारी राजपत्राचे जुने अंक, फेरफाराच्या नोंदी, सातबारे आणि ही तोंडी कथने शेजारी शेजारी ठेवून वाचावी लागतील. पाठचिकित्सा आपण वर्गात शिकवतो ती याचसाठी. एम.ए.च्या एका तुकडीला दोन सत्रे पुरावीत इतके हे काम आहे. कल्याण आणि उल्हासनगर येथे महाविद्यालये आहेत, त्यांत मराठीचे विभाग आहेत, आणि त्या वर्गांत या गावांची मुलेमुली बसतात. १९४२ साली जाणत्या वयात असलेली माणसे आज जवळजवळ उरलेली नाहीत. ज्यांनी त्यांच्या तोंडून ऐकले, तीही आता म्हातारी होत आली आहेत.