‘यू आर’ की ‘यू आर बीइंग’?

गेल्या वर्षी ग्रुप प्रोजेक्टच्या फाइलमध्ये माझ्या मैत्रिणीने फोटोंच्या ओळी लिहिल्याच नव्हत्या. सबमिशन दुसऱ्या दिवशी. रात्री साडेअकराला मी ग्रुपवर मेसेज टाकला, तोही इंग्रजीत. कारण त्या ग्रुपमध्ये सर होते, आणि इंग्रजीत लिहिलं की आपण प्रोफेशनल वाटतो असा माझा समज. ‘यू आर केअरलेस.’ तीनच शब्द. बारा दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

मी रोहण्याची, आर्वी तालुक्यातली. आमच्याकडे हेच ‘काऊन वं, लिहून द्याचं होतं न!’ असं म्हटलं असतं. तिने दोन शब्द उलट ऐकवले असते आणि चहा झाला असता. मग इंग्रजीत एवढं काय बिघडलं?

‘यू आर केअरलेस’ म्हणजे तू निष्काळजी आहेस, तुझा स्वभावच तो. ‘यू आर बीइंग केअरलेस’ म्हणजे आत्ता, या कामात तू निष्काळजीपणा करते आहेस. हे ‘बीइंग’ माणसाच्या हातात असलेल्या वागण्यालाच लागतं. म्हणून ‘यू आर बीइंग टॉल’ कोणी म्हणत नाही, उंच असणं ही काही करायची गोष्ट नाही. आणि काम होऊन गेलेलं असेल तर ‘दॅट वॉज केअरलेस ऑफ यू’. इथे आधी कृती येते, माणूस नंतर. मला खरं तर हेच लिहायचं होतं.

पण ‘इंग’ लावलं की भाषा मऊ होते, असंही नाही. ‘यू ऑलवेज कम लेट’ ही बरीचशी नोंद आहे, ‘यू आर ऑलवेज कमिंग लेट’मध्ये वैताग आहे. तिथे धार बोथट करणारं रूप इथे ‘ऑलवेज’च्या शेजारी बसलं की धार लावतं! ‘यू शुड हॅव टोल्ड मी’ म्हणजे सांगायला हवं होतंस. ‘यू कुड हॅव टोल्ड मी’ म्हणजे सांगता आलं असतं, तरी सांगितलं नाहीस. मला विचाराल तर दुसरं जास्त लागतं, कारण त्यात नियम नाही, अपेक्षा आहे.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. आमची पिढी त्यातच वाढली. ‘डू ॲज डायरेक्टेड’मध्ये आम्ही काळ बदलला, ॲक्टिव्हचं पॅसिव्ह केलं, ‘शुड’ आला की ‘सल्ला’ लिहून मार्क घेतले. पण यातलं कोणतं वाक्य मैत्रिणीला म्हणशील आणि कोणतं नाही, हा प्रश्न कुठल्याच पेपरात आला नाही. तो यायला हवा. कारण आता नोकरीतला पहिला मेल, पहिली तक्रार, पहिली माफी, सगळं इंग्रजीत लिहावं लागतं, आणि तिथे मार्क जात नाहीत, माणसं जातात.

हा भेद आपल्याला नवा आहे असंही नाही. ‘तू चुकलीस’ आणि ‘तुझं चुकलं’ यातला फरक घरात कोणी शिकवावा लागत नाही. माणूस वेगळा, त्याचं कृत्य वेगळं, हे गांधीजींनी आत्मकथेत मांडलंय. त्यांचं सेवाग्राम तर आमच्याच जिल्ह्यातलं. (शाळेची सहल तिथे गेली होती. आमचं सगळं लक्ष डब्यांकडे.)

तेराव्या दिवशी मी तिला फोन केला. इंग्रजी सोडलं. ‘माह्यं चुकलं वं,’ म्हटलं. ती म्हणाली, ‘ओळी लिहायला हव्या होत्या, तेवढं माझंही चुकलं. पण सरांसमोर काऊन?’ ‘काऊन’ ती माझ्याकडूनच शिकली होती.