खाते उघडले, पत कोठे आहे?

२८ ऑगस्ट २०१४ रोजी जनधन योजनेचा प्रारंभ झाला आणि कोट्यवधी कुटुंबांच्या हाती प्रथमच बँकेचे पासबुक आले. ही घटना लहान नव्हे. १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा समाजवाद्यांनी त्याचे स्वागत केले, ते बँकांची दारे श्रमिकांना उघडी व्हावीत याच अपेक्षेने. परंतु खाते म्हणजे पत नव्हे. पैसे ठेवण्याचा अधिकार एक, आणि अडीनडीला वाजवी व्याजाने कर्ज मिळण्याचा अधिकार दुसरा. पहिला मिळाला म्हणून दुसरा आपोआप मिळत नाही. किंबहुना, दुसऱ्याच्या वाटेवर आता एक नवा पहारेकरी उभा आहे.

खाते उघडतानाच बँक आपली पत तपासते व त्यामुळे पुढचे कर्ज अडते, अशी धास्ती ज्यांना वाटते, त्यांना प्रथम वस्तुस्थिती सांगितली पाहिजे. साधे बचत खाते उघडण्यास ओळख व पत्ता यांचे पुरावे पुरतात. त्यासाठी पतगुणांक लागत नाही. ब्रिटनमध्ये चालू खात्यासोबत उचलीची सवलत मागितली की पतचौकशी होते, तिची खूण नोंदीत राहते आणि अशा अनेक खुणा थोड्या काळात साठल्या की पुढचा सावकार बिचकतो. आपल्याकडे ही खूण उमटते ती खात्याला कर्ज चिकटते तेव्हा. जनधन खात्यावरची ओव्हरड्राफ्टची सवलत, जी २०१८ मध्ये ५,००० रुपयांवरून १०,००० रुपयांपर्यंत वाढविण्यात आली, ती कायद्याच्या दृष्टीने कर्जच होय. मोबाइलवर दोन मिनिटांत मिळणारे कर्ज, गटातून घेतलेले लघुकर्ज, शेजाऱ्याला दिलेली जामीनकी, या साऱ्यांची नोंद होऊ शकते. अर्ज नाकारला गेला तरी चौकशीची नोंद उरतेच.

ही नोंद ठेवते कोण? २००५ च्या पतमाहिती कंपन्यांच्या कायद्यान्वये देशात अशा चार कंपन्या काम करतात. त्यांतील सर्वांत जुनी सिबिल २००० साली भारतीय वित्तसंस्थांनी उभी केली. आज ती अमेरिकेच्या ट्रान्सयुनियन कंपनीच्या ताब्यात आहे. ३०० ते ९०० यांमधला एक आकडा माणसाच्या विश्वासार्हतेचे माप ठरतो, आणि त्यामागची माहिती किमान सात वर्षे जपली जाते. गावच्या सावकाराची चोपडी निदान गावात होती. ही चोपडी ऋणकोच्या दृष्टीच्या पलीकडे आहे.

मध्य रेल्वेवर खर्डी आणि कसारा यांच्या मधल्या उंबरमाळीचा विचार या संदर्भात करण्याजोगा आहे. मुंबईची तहान भागविणारी भातसा व तानसा ही धरणे याच शहापूर तालुक्यात आहेत. शहापूर आणि मुरबाडच्या पाड्यांतील भूमिहीन कातकरी कुटुंबे पावसाळ्याच्या तंगीत वीटभट्टीच्या मालकाकडून बयाणा उचलतात, भाताची कामे आटोपल्यावर भिवंडी-कल्याणकडच्या भट्ट्यांवर जातात आणि उन्हाळा संपेपर्यंत विटा पाडून तो फेडतात. आर्थिक भाषेत हे हंगामी कर्ज आहे. त्याचे तारण कर्जदाराचे शरीर, आणि फेडीचा हप्ता बायकामुलांसकट साऱ्या कुटुंबाचे श्रम. ही फेड कोणत्याही कंपनीच्या नोंदीत नाही. वर्षानुवर्षे बयाणा फेडणाऱ्या बाईने उद्या बँकेत शेळीपालनासाठी कर्ज मागितले, तर तिच्या नावापुढे उत्तर येते : पतेचा इतिहास नाही! इतिहास आहे, तो मालकाच्या वहीत आहे, आणि तिथे तो तिच्या विरुद्ध वापरला जातो. वेठबिगारीची पद्धत १९७६ च्या कायद्याने रद्द झाली. तिचे मूळ असलेली उचल मात्र बँकेच्या नकारावर पोसली जाते.

ज्यांना २००६ च्या कायद्याने वनहक्काची जमीन मिळाली, त्यांचीही अडचण वेगळ्या प्रकारची आहे. ती जमीन वारसाने मिळते, पण हस्तांतरित करता येत नाही. आदिवासीची जमीन सावकाराच्या घशात जाऊ नये म्हणून घातलेली ही अट योग्यच आहे. पण त्यामुळे गहाणाचा मार्ग बंद होतो, आणि मग गुणांकावाचून बँकेजवळ दुसरे माप उरत नाही.

यावर बँकांचे म्हणणे असे की ठेवीही सामान्यांच्याच आहेत, त्या आंधळेपणाने वाटता येत नाहीत. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. लघुकर्जांच्या क्षेत्रात एकाच कुटुंबावर तीन-चार संस्थांचे कर्ज लादले गेले की त्याचा शेवट काय होतो, हे आंध्र प्रदेशाने २०१० मध्ये पाहिले. नोंद असावी, हे मान्यच आहे. तक्रार आहे ती एकतर्फी नोंदीबद्दल : जी चूक टिपते पण कष्ट टिपत नाही, आणि कोऱ्या पानाला डाग समजते.

रिझर्व्ह बँकेने ही गोष्ट अंशतः मान्य केली आहे. केवळ इतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असे तिच्या जानेवारी २०२५ च्या निर्देशांचे सांगणे आहे, आणि केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेत त्याचा पुनरुच्चार केला. पीककर्जासाठी सिबिलचा आग्रह धरू नये, अशी तंबी राज्य सरकारनेही मे २०२५ मध्ये बँकांना दिली. पण परिपत्रक मुंबईत निघते आणि नकार तालुक्याच्या शाखेत, तोही तोंडी, दिला जातो. तोंडी नकाराविरुद्ध दाद मागता येत नाही.

१८७५ मध्ये पुणे-नगरकडच्या शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला, त्याचा मुख्य रोख कर्जरोख्यांच्या कागदांवर होता. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने ऋणकोला पावती व हिशेब मागण्याचा हक्क दिला. परकी सरकारलासुद्धा कळले होते की चोपडी ज्याच्या हाती, त्याच्याच हाती माणूस. आजच्या चोपडीबाबतही असे हक्क आहेत : प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण पतअहवाल विनामूल्य मिळतो, चुकीची नोंद ३० दिवसांत दुरुस्त झाली नाही तर एप्रिल २०२४ पासून दिवसाला १०० रुपये भरपाई देय आहे. पण न वापरलेला हक्क कायद्याच्या पुस्तकातच राहतो.

येथेच कार्यकर्त्यांचे काम सुरू होते. पाड्यापाड्यावर पतअहवाल मिळवून तो मोठ्याने वाचून दाखवावा. जुने फिटलेले कर्ज थकीत दिसत असेल तर लेखी तक्रार करावी. खाते उघडताना कर्जाच्या कोणत्याही कागदावर न समजता अंगठा उमटू देऊ नये. आणि नकार मिळाला तर तो कारणासह लेखी मागावा. त्याचबरोबर मागणीही पुढे रेटली पाहिजे : बचतगटातील नियमित बचत आणि खात्यात जमा होणारी मजुरी यांना पतेचा पुरावा मानावे, आणि पावसाळ्यापूर्वी भूमिहीन कुटुंबाला विनातारण लहान कर्ज सार्वजनिक बँकेकडून मिळावे. भट्टीचा बयाणा उचलला जाण्यापूर्वी बँकेचे कर्ज पाड्यावर पोचले, तरच राष्ट्रीयीकरणाचा अर्थ उंबरमाळीला कळेल.