परकी तबकडी

पापनाशमसारख्या आडबाजूच्या गावी, भातशेतांच्या आणि कावेरीच्या कालव्यांच्या सान्निध्यात, बदलीच्या हुकमाने येऊन पडलेल्या आम्हां मराठी माणसांना महिन्यातून एकदा एकत्र बसून तबकड्या ऐकाव्यात असे वाटले, यात नवल नाही. फोनवर हवे ते ऐकता येते हे आम्हांसही ठाऊक आहे. परंतु फोनवर माणूस एकटाच ऐकतो. म्हणून तंजावर-कुंभकोणमहून मंडळी येतात. कोणी बँकेतले, कोणी रेल्वेतले, कोणी धान्यखात्यातले. प्रत्येकाने आपल्या आवडीची एक तबकडी आणावी, ती का आवडते ते सांगावे, मग सर्वांनी ऐकावी, असा साधा शिरस्ता होता.

तो आता मोडला आहे. यापुढे बैठकीत जॅझ वाजवू नये, असा ठराव गेल्या खेपेस झाला. कारणे तीन देण्यात आली: ते संगीत परके आहे, त्यात गोंगाट आहे आणि बायकामुलांना त्यात रस नाही. तिसऱ्याचे उत्तर बायकामुलांनीच द्यावे. आमच्या घरचे उत्तर येथे छापण्याजोगे नाही.

परकेपणाचा मुद्दा मात्र गंभीर आहे, आणि तो तंजावर जिल्ह्यात बसून मांडला जावा याचे आम्हांस वैषम्य वाटते. ज्या सरफोजीराजांचे नाव आमची मंडळी उठल्याबसल्या घेतात, त्यांनी आपल्या कारकिर्दीत (१७९८ ते १८३२) पाश्चात्य वाद्यवृंद पदरी ठेवला होता. त्याच सुमारास बालुस्वामी दीक्षितर युरोपीय शिक्षकाकडून व्हायोलिन शिकले, आणि आज व्हायोलिनवाचून कर्नाटक संगीताची मैफल बसत नाही. उलट बाजूही पाहावी. आपल्या कीर्तनकारांनी एकोणिसाव्या शतकात तंजावरास नेलेली साकी आणि दिंडी कृष्ण भागवतरांनी आपल्या हरिकथेत सामावून घेतली. तमिळ श्रोत्यांनी त्या वेळी ‘हे मराठी, हे बाहेर ठेवा’ असा ठराव केला असता, तर आमच्या सांस्कृतिक अभिमानाचे अर्धे भांडवल आज कोठून आले असते?

शिवाय जॅझ आपल्याकडे आगंतुक आहे हेही खरे नव्हे. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, ‘अलबेला’ला (१९५१) जे संगीत दिले, त्यात चिक चॉकलेट या गोमंतकीय ट्रंपेटवादकाचा वाटा होता. ठराव मांडणारे गृहस्थ त्या चित्रपटातील गाणी तोंडपाठ म्हणतात. मुंबईत १९७८ साली पहिली ‘जॅझ यात्रा’ भरली. ‘यात्रा’ हा शब्द तिला कोणी परका मानला नाही.

आता गोंगाट. आम्ही जॅझचे आंधळे भक्त नाही. जॉन कोल्ट्रेन यांचे १९६५ साली मुद्रित झालेले ‘असेन्शन’ आम्हांसही पेलत नाही, आणि ते बैठकीत लावण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु त्याच कोल्ट्रेन यांनी आदल्या वर्षी, ९ डिसेंबर १९६४ रोजी, तिघा साथीदारांसह ‘अ लव्ह सुप्रीम’ मुद्रित केले. तबकडी अवघी सुमारे ३३ मिनिटांची. पहिल्या भागात चार स्वरांचा एक बोल बास वाद्यावर सुरू होतो, सॅक्सोफोनवर निरनिराळ्या पट्ट्यांत फिरतो, आणि शेवटी माणसाच्या कंठातून तेच शब्द पुनःपुन्हा उमटतात. अखेरच्या भागात कोल्ट्रेन यांनी स्वतः लिहिलेली प्रार्थना सॅक्सोफोन अक्षरशः उच्चारतो, तोंडाने एक शब्दही न बोलता. येथून जवळच्या गोविंदपुरात बोधेंद्रांच्या समाधीपाशी नामसंकीर्तन ऐकून आलेल्या माणसाला हे समजू नये? जॅझ म्हणजे रागदारी, असे आम्ही म्हणत नाही. स्वरमेळाचा तो पाया आपल्याकडे नाही, आणि साम्य ओढूनताणून दाखविणाऱ्यांचा आम्हांस कंटाळा आहे. नामाचा जप कोणत्या वाद्यावर चालला आहे, एवढे ओळखता यावे, इतकेच.

आणि १९७६ सालची ‘शक्ती’ची पहिली तबकडी? जॉन मॅक्लॉग्लिन यांच्या गिटारला एल. शंकर यांचे व्हायोलिन, झाकीर हुसेन यांचा तबला, रामनाड राघवन यांचा मृदंग आणि विनायकराम यांचा घटम. ती परकी ठरवावयाची की देशी? ठरावात खुलासा नाही. मृदंगाचे मोठे नाव असलेले उमयाळपुरम हे गाव आपल्या बैठकीच्या जागेपासून फार दूर नाही; तेथील एखाद्या रसिकाला हा प्रश्न विचारावा म्हटले, तर मराठी मंडळात तमिळ माणूस बोलवावा की नाही, यावर दुसरा ठराव होईल अशी भीती वाटते.

जॅझच्या तबकड्या आणणारा आमचा तरुण सहकारी त्या दिवसापासून आलेला नाही. त्याची बदलीही जवळ आली आहे. पुढच्या बैठकीस आम्ही त्याला बरोबर घेऊन ‘अ लव्ह सुप्रीम’सह येणार आहोत. तबकडीयंत्र चिटणिसांच्या घरी असते. त्यांनी दार उघडावे, ही विनंती.