करीइंग समजायला इंग्रजी कशाला हवे?

जावास्क्रिप्टमधल्या ‘करीइंग’चा ताटातल्या करीशी काही संबंध नाही. हे नाव अमेरिकी तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी यांच्यावरून पडले. कल्पना मात्र मोझेस शोनफिंकेल यांनी १९२४ च्या निबंधात आधीच मांडली होती.

अर्थ सोपा आहे. सगळी माहिती एकदम मागणाऱ्या फंक्शनने ती एकेक करून मागायची. सदाशिव पेठेतला पत्ताच घ्या. जावास्क्रिप्टला देवनागरी नावे चालतात:

पत्ता = पेठ => घर => घर + ', ' + पेठ
सदाशिव = पत्ता('सदाशिव पेठ, पुणे ४११०३०')

‘सदाशिव’ हा अजून पुरा पत्ता नाही. पेठ लक्षात ठेवून घर क्रमांकाची वाट पाहणारे ते नवे फंक्शन आहे. मग शंभर घरांचे पत्ते लिहा, पेठ पुन्हा सांगावी लागत नाही. दोन्ही गोष्टी एकदमच हाती असतील, तर मात्र साधे फंक्शन बरे.

भाषेच्या शिक्षकाला यात नवे काही नाही. ‘दिले’ म्हटले की कोणी, कोणाला, काय, हे प्रश्न उभे राहतात. उर्दूतल्या ‘दिया’चेही तेच. आपल्या मीमांसकांनी आणि नैयायिकांनी शब्दाच्या या अपेक्षेला ‘आकांक्षा’ म्हटले आहे.

मराठी-उर्दू माध्यमाची मुले ‘आमचे इंग्रजी कच्चे’ म्हणत कोडिंगपासून लांब राहतात. त्यांच्याकडून इंग्रजी व्याख्या घोकून घेण्याआधी गोष्ट मायबोलीत समजू द्या. इंग्रजी शब्द नंतर शिकता येतो. एकदा बसलेली भीती सहज जात नाही.