गाडी किती खाली आणावी?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या स्प्रिंगांवर लेख लिहावा हा शुद्ध आगाऊपणा आहे, हे मला मान्य आहे. मराठी विभागातल्या मित्रांनी तर ‘स्प्रिंगांतील करुण रस’ असा प्रबंधाचा विषयही सुचवून ठेवला आहे. पण गेल्या उन्हाळ्यात मी तीन आठवडे बर्मिंगहॅमला मामांकडे होतो आणि त्या तीन आठवड्यांत त्या घरात एकाच प्रश्नावर रण माजले होते. तो प्रश्न मला वाटला तितका मोटारीपुरता नव्हता. म्हणून हा लेख.

मामांकडे १९७५ सालची एम. जी. बी. आहे. उघड्या टपाची, दोन माणसांची, गडद हिरवी. ही गाडी १९६२ साली ॲबिंग्डनच्या कारखान्यातून प्रथम बाहेर पडली आणि १९८० च्या ऑक्टोबरात तिचे उत्पादन थांबले. मधल्या काळात पाच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. खेळाच्या मोटारींत हा आकडा फार मोठा. तिचे बहुतेक गिऱ्हाईक अमेरिकेत होते आणि सगळी गोम तिथेच आहे.

अमेरिकेत १९७३ च्या सुमारास असा नियम झाला की, ताशी पाच मैलांची धडक बसली तरी गाडीचे दिवे वगैरे शाबूत राहिले पाहिजेत आणि बंपर जमिनीपासून १६ ते २० इंचांच्या पट्ट्यात असला पाहिजे. एम. जी. बी. जात्याच बुटकी. नवी गाडी आखायला कंपनीजवळ पैसा नव्हता. तेव्हा १९७४ च्या शरदात चकचकीत क्रोमचे बंपर गेले, त्यांच्या जागी काळ्या रबरासारखे जाडजूड बंपर आले आणि अख्खी गाडी सुमारे दीड इंच वर उचलली गेली. शिवाय पुढचा अँटिरोल बार, म्हणजे वळणावर गाडी एका अंगाला कलू नये म्हणून दोन चाकांना जोडणारी पोलादी दांडी, उघड्या गाडीवरून काढून टाकला. नियम अमेरिकेचा, पण कारखान्यातली रांग एकच. त्यामुळे इंग्लंडातल्या गिऱ्हाइकालाही तीच उंच झालेली, डुलणारी गाडी घ्यावी लागली. १९७७ च्या मॉडेलला पुढे आणि मागे दोन्हीकडे बार देऊन कंपनीने आपली चूक निस्तरली. मामांची गाडी त्या मधल्या दोन अभागी वर्षांतली.

वळणावर ती खरोखरच बोटीसारखी कलते. मामी म्हणतात, “अहो, गाडीत बसलेय की होडीत?” मामांचे वय आता सदुसष्ट. गाडी खाली आणायची हे त्यांनी ठरवले होते. वाद होता तो किती आणि कशी, याचा.

मामेभावाचे मत तीन इंच. त्याने चित्रे पाहिली होती. चाकावर टप असा टेकलेला की मधून वहीसुद्धा जाऊ नये. मामांच्या क्लबातले एक वृद्ध गृहस्थ म्हणत, मुळीच हात लावू नका. १९७५ ची गाडी ही १९७५ ची गाडी, तिची उंची हासुद्धा इतिहासच. मला दोघेही पटले नाहीत.

वृद्ध गृहस्थांचा मुद्दा आपल्या विद्यार्थ्यांच्या ओळखीचा आहे. मूळ पाठ कोणता? पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, ती हाताशी आलेली एखादी पोथी जशीच्या तशी छापून नव्हे. पोथीत नंतर काय घुसले याचा शोध घेऊन घातलेले बाजूला काढले, पण फेकून दिले नाही; तळटीपेत ठेवले. या गाडीतला दीड इंच हा मला तसाच प्रक्षेप वाटतो. सिड एनेव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी गाडी आखली ती दीड इंच खालची होती. ती उंची परत देणे याला मी बदल म्हणणार नाही, पाठशुद्धी म्हणेन. काढलेले सुटे भाग मात्र नीट गुंडाळून गॅरेजात ठेवावेत. ती तळटीप.

पण मग तीन इंच का नको? इथे मला स्प्रिंगांचे थोडे शिक्षण घ्यावे लागले, ते वाचकांनी सोसावे.

गाडी खाली आणली की तिचा गुरुत्वमध्य खाली येतो आणि वळणावर बाहेरच्या चाकांवर पडणारा बोजा थोडा कमी होतो. हे खरे. परंतु गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो बिंदू पुढच्या चाकांच्या आडव्या दांड्यांच्या कोनावर ठरतो, आणि गाडी एक इंच खाली आणली तर तो बहुधा एका इंचापेक्षा जास्त खाली घसरतो. म्हणजे गुरुत्वमध्य आणि तो बिंदू यांतले अंतर, म्हणजेच कलवणारी तरफ, उलट वाढते! गाडी दिसायला चिकटलेली, पण कलायला अधिक उत्सुक. मग ते रोखण्यासाठी स्प्रिंग आणखी कडक करायची, आणि कडक केली की खडबडीत रस्त्यावर चाक रस्ता सोडून उडते. स्टिअरिंगच्या दांड्यांचे कोनही बिघडतात. खड्ड्यात चाक वर गेले की ते आपणहून वळू पाहते. चाकाला वर सरकायला जागा उरत नाही आणि ॲक्सल रबरी ठोकळ्यावर जाऊन आदळतो. या गाडीचा सायलेन्सर तर आधीच इतका खाली लोंबतो की, आपल्या गावातला एकही गतिरोधक तिने बिनबोभाट ओलांडला नसता.

कडकपणा म्हणजे कौशल्य, हा समज मुळात कुठून आला कोण जाणे. त्याच १९६२ साली कॉलिन चॅपमन यांची लोटस एलान आली. तिच्या स्प्रिंगा मऊ होत्या, आणि वळणावरच्या पकडीसाठी ती आजही वाखाणली जाते. स्प्रिंग मऊ, शॉकअप नेमका आणि गाडी हलकी.

आता आमच्या घरचा प्रसंग. मामेभावाने, बाबांना न विचारता, जवळच्या एका गॅरेजात गाडी नेली. तिथल्या कारागिराने नव्या स्प्रिंगा मागवण्याऐवजी जुन्याच पुढच्या स्प्रिंगांचा एकेक वेढा गॅसच्या ज्योतीने कापून टाकला. हिशेब पाहा : आठ कामाच्या वेढ्यांची स्प्रिंग असेल आणि एक गेला तर ती सुमारे १४ टक्के कडक होते. त्यातच या गाडीत स्प्रिंग चाकापाशी नसून खालच्या दांडीवर बरीच आत बसते, म्हणून स्प्रिंग एक इंच आखूड झाली की गाडी एका इंचाहून पुष्कळ जास्त बसते. ज्योतीने पोलादाचे पाणी उतरते ते वेगळेच. मागे तर काहीच केले नव्हते. गाडी पुढून नाक घासत आणि मागून शेपूट वर करून घरी आली. दुसऱ्या दिवशी पावसात एका वळणावर मध्ये उंचवटा आला, पुढचे चाक उडाले आणि गाडी समोरच्या रांगेत घुसली. समोरून कोणी येत नव्हते एवढेच. शेजारी मामी होत्या. घरी येईपर्यंत त्या बोलल्या नाहीत. आल्यावर एवढेच म्हणाल्या, “मी आता या गाडीत बसायची नाही.”

मामा मुलाला रागावले नाहीत. मला त्याचे फार आश्चर्य वाटले. त्यांनी ती कापलेली स्प्रिंग जेवणाच्या टेबलावर आणून ठेवली आणि आम्हां दोघांना म्हणाले, “अरे, पन्नास वर्षं झाली तिला. आधी तिला दुखतंय कुठं ते बघा.”

माझे मत मग त्या वाक्यावरच उभे राहिले. स्प्रिंगांकडे वळण्याआधी रबरी बुश बदलावेत. इतक्या वर्षांत ते विरघळल्यासारखे झालेले असतात आणि निम्मे डोलणे त्यांचेच असते. मग शॉकअप. या गाडीचे शॉकअप नळीसारखे नसून दांडीचे आहेत, पुढच्या बाजूला तर तीच दांडी चाकाला वरून धरून ठेवते. ते चांगल्या माणसाकडून दुरुस्त करून घ्यावेत. त्यानंतर गेलेला अँटिरोल बार परत द्यावा. एवढे करून गाडी चालवून पाहावी, आणि मगच खाली आणावी : पुढे त्या मापाच्या नव्या स्प्रिंगा, मागे ट्रकला असतात तसे जे पाटे आहेत ते कमी कमानीचे. पाटे आणि ॲक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा सारून काम स्वस्तात होते, पण ब्रेक दाबताना पाट्यांना पडणारा पीळ वाढतो. मला तो जुगाड आवडला नाही. आणि विमा कंपनीला कळवावे. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम अशा फेरफारांना आडवे येते, तिकडे नोंद न केल्यास विमा आडवा येतो.

मामेभाऊ यावर म्हणाला, “म्हणजे इतका खर्च करून गाडी दिसायला जवळजवळ तशीच!” त्याचे म्हणणे खोटे नाही. दीड इंच लांबून कोणाच्या लक्षातही येत नाही. चालवणाऱ्याच्या पाठीला मात्र कळतो, आणि शेजारी बसणाऱ्यालाही.

मी निघालो त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही तिघांनी चारही चाकांच्या मध्यापासून टपाच्या कडेपर्यंतची मापे घेतली. मामांनी ती एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहिली आणि पत्रिका गॅरेजच्या दाराला टाचणीने लावली. नव्या स्प्रिंगांचे खोके परवा आल्याचा त्यांचा फोन होता. मागून मामींचा आवाज ऐकू येत होता : “आधी तुम्ही दोघं एक चक्कर मारून या, मग बघू.”