कार्ड गेलं, असं लगेच म्हणू नका

जव्हार-मोखाड्यात ज्या घरात कॉम्प्युटर आहे, तिथे तो बहुतेक एकच असतो. रात्री मुलगा त्यावर गेम खेळतो. मुलीचा महाडीबीटीचा स्कॉलरशिपचा फॉर्मही त्यावरच भरला जातो. म्हणून गेममध्ये रंगीत ठिपके दिसू लागले, हिरव्या-जांभळ्या रेघा आल्या, माणसांची तोंडं ताणून त्रिकोणी झाली, की प्रश्न नुसत्या खेळाचा राहत नाही.

मुलावर ओरडू नका. गेम खेळूनच मशीन बिघडलं, हे बहुतेक वेळा खरं नसतं. स्क्रीनवरचं चित्र तयार करणारं ग्राफिक्स कार्ड गेममध्ये सगळ्यात जास्त राबतं. म्हणून आधीपासून असलेला बिघाड तिथे पहिल्यांदा दिसतो.

आणि कॅबिनेट मांडीवर घेऊन लगेच नाशिकची एसटी पकडू नका. ऐंशी-एक किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं, आणि दोष केबलचा निघायचा. दिवस बुडतो, पैसे जातात.

सगळ्यात आधी मार्कशीट, जातीचा दाखला, घरचे फोटो पेन ड्राइव्हवर काढून ठेवा. मग बिघाड शोधा.

स्क्रीनवर रेघा दिसत असतानाच विंडोजचं बटण आणि प्रिंट स्क्रीन एकत्र दाबा. स्क्रीनशॉट 'पिक्चर्स'मध्ये जातो. तो फोनवर पाठवून बघा. फोनवर चित्र स्वच्छ असेल तर दोष बहुधा केबलचा किंवा मॉनिटरचा. फोनवरही रेघा असतील तर दोष कॉम्प्युटरच्या आत आहे. मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढलात तर यातलं काहीच कळणार नाही. दोष कुठेही असला तरी फोटोत रेघाच दिसतील.

केबल काढून घट्ट बसवा. शेजाऱ्याची केबल मागून लावून बघा. मग कॉम्प्युटर बंद करून चालू करा आणि सुरुवातीला कंपनीचं नाव उमटतं तेव्हा नीट लक्ष द्या. स्क्रीनशॉटमध्येही रेघा होत्या आणि केबल बदलूनही तिथेच रेघा असतील तर दुखणं बहुधा कार्डाचंच आहे. ते सॉफ्टवेअरने बरं होणार नाही.

एकाच गेममध्ये त्रास असेल तर कार्डाला हात लावू नका. तो गेम अपडेट करा, ग्राफिक्स सेटिंग कमी करा. भरभर वळताना चित्र मधोमध आडवं फाटल्यासारखं दिसतं, तो बिघाडच नव्हे. सेटिंगमध्ये व्ही-सिंक चालू करा.

सगळ्याच गेममध्ये त्रास असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. स्क्रीन क्षणभर काळी होईल आणि ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, नव्याने सुरू होईल. त्याने चित्र सुधारलं तर ड्रायव्हरवर संशय घ्या. नवा ड्रायव्हर एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेलच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. फाइल मोठी असते, रोजचा नेटपॅक बघून उतरवा. 'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर' म्हणणाऱ्या जाहिरातींना भुलू नका. कुणी मित्राने कार्डाचा वेग वाढवून दिला असेल तर तो पहिल्यासारखा करून घ्या.

आता आपल्याकडची खरी दुखणी. पाऊस, धूर आणि वीज.

जव्हार साधारण दीड हजार फुटांवर आहे. पावसाळ्यात धुकं घरात शिरतं, भिंतींना ओल येते. कॅबिनेट भिंतीला टेकवून किंवा जमिनीवर ठेवू नका. टेबलावर ठेवा, मागे वीतभर जागा सोडा. चालू असताना वर प्लास्टिक टाकू नका. पावसाळ्यात कॉम्प्युटर महिनाभर बंद ठेवण्यापेक्षा रोज थोडा वेळ चालू करा. स्वतःच्या उबेने तो आतून कोरडा राहतो. बाहेरून भिजून-गारठून आणलेलं मशीन मात्र लगेच सुरू करू नका. काही तास तसंच राहू द्या.

चुलीचा धूर चिकट असतो. त्यावर धूळ बसली की कार्डाच्या पंख्यातून वारा जात नाही. खेळ सुरू करून पंधरा-वीस मिनिटांनी ठिपके येत असतील तर आधी उष्णतेचा संशय घ्या. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्समध्ये जीपीयूचं, म्हणजे कार्डाचं, तापमान दिसतं. ते ८५ अंशांच्या वर जात असेल तर सफाई करा.

प्लग काढा. पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा. कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा. फुंकणी किंवा ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. ओलं फडकं नको. कार्ड काढून परत खटकन बसवा, त्याला येणारी विजेची पिनही घट्ट करा. वॉरंटी चालू असेल तर सील फाडू नका, दुकानदाराला विचारा.

बल्ब मिणमिणला किंवा मोटर सुरू झाली की त्याच क्षणी स्क्रीन बिघडते का, ते बघा. तसं असेल तर दोष वीजपुरवठ्यात किंवा कॅबिनेटमधल्या विजेच्या डब्यात, म्हणजे एसएमपीएसमध्ये आहे. चांगला स्टॅबिलायझर किंवा यूपीएस लावा, वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. लाइट गेली की बटण बंद करा. विजा कडाडू लागल्या की प्लग आणि इंटरनेटची वायर दोन्ही काढा. गावाचंच व्होल्टेज सतत कमी-जास्त होत असेल तर महावितरणच्या १९१२ वर तक्रार नोंदवा.

कार्ड भट्टीत किंवा ओव्हनमध्ये तापवून दुरुस्त करायचे व्हिडिओ फिरतात. ते करू नका. विषारी धूर निघतो, आणि चाललंच तर ते चार दिवस चालतं.

कार्ड खरोखर गेलं तरी घर अडत नाही. ते काढून मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावा. बऱ्याच प्रोसेसरमध्ये साधं ग्राफिक्स असतंच. इंटेलच्या नावाच्या शेवटी 'एफ' असेल तर मात्र नसतं. फॉर्म भरायला, अभ्यासाला एवढं पुरे. गेमला थोडे दिवस सुट्टी.

जुनं कार्ड घेणार असाल तर जपा. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाची कार्डावरची खोदाई बंद झाली आणि रात्रंदिवस राबलेली पुष्कळ कार्डं बाजारात आली. त्यातली काही उत्तम चालतात, काही महिनाभरातच बंद पडतात. वरून बघून ओळखता येत नाही. म्हणून पैसे देण्याआधी समोर अर्धा तास जड गेम चालवून दाखवायला सांगा. दुकानातून घेत असाल तर पक्कं बिल घ्या, त्यावर कार्डाचा सिरियल नंबर आणि किती दिवसांची हमी, ते लिहून घ्या. हमी देऊन दुकानदार नंतर हात वर करू लागला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. फोन करताना बिल हाताशी ठेवा.