पाते नऊ इंचांचे, आदेश पंधरा दिवसांचा

१/ जुईनगरहून ठाण्याची लोकल धरली की तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, रबाळे, ऐरोली, दिघा गाव आणि मग ठाणे. अर्ध्या तासाच्या आसपासचा प्रवास. घरापासून स्थानकापर्यंत हद्द नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाची, फलाटावर लोहमार्ग पोलिसांची, आणि ठाण्याला उतरून रिक्षा केली की ठाणे शहर आयुक्तालयाची. उलट दिशेने खाडीपूल ओलांडला तर मानखुर्दला मुंबई पोलीस. पिशवीत असलेली वस्तू विनापरवाना बाळगता येते की नाही, या प्रश्नाचे उत्तर या प्रत्येक टप्प्यावर वेगळे असू शकते. हा धागा त्या वेगळेपणाच्या इतिहासाचा.

२/ सर्वसाधारण समजूत अशी की बंदुकीला परवाना लागतो आणि बाकी सारे चालते. पहिला अर्धा भाग बरोबर आहे. शस्त्र अधिनियम १९५९ चे कलम ३ सरळ आहे: परवान्याशिवाय अग्निशस्त्र नाही, काडतूसही नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर साध्या विनापरवाना अग्निशस्त्राला किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद आहे. गोंधळ येथे फारसा नाही. तो सुरू होतो कलम ४ पासून, आणि त्याचे मूळ शोधण्यासाठी १८५७ पर्यंत मागे जावे लागते.

३/ उठाव मोडल्यावर कंपनी आणि पाठोपाठ राणीचे सरकार यांनी प्रदेशाप्रदेशाने निःशस्त्रीकरण केले. जेथे बंड पेटले होते तेथे घरोघरच्या तलवारी, भाले, बंदुका गोळा झाल्या. इतरत्र तितकी सक्ती झाली नाही. १८६० च्या कायद्याने हा भूगोल कायद्याच्या भाषेत बसवला. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत आलेल्या शस्त्र कायद्याने सबंध हिंदुस्थानला परवान्याखाली आणले, तरी जुने निःशस्त्र केलेले प्रदेश वेगळेच ठेवले. अग्निशस्त्रास सर्वत्र परवाना. तलवार वा भाला नुसता घरात ठेवण्यास मात्र काही ठिकाणीच. गुन्हा वस्तूचा नव्हता, वस्तू आणि गाव यांच्या जोडीचा होता.

४/ त्या कायद्यात दुसरा भेद वर्णाचा होता. युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोकांना सूट, आणि ज्यांचा हा देश त्यांना परवाना. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच याविरुद्ध ठराव केला. या तक्रारीचे आयुष्य किती दीर्घ होते हे पाहायचे तर जानेवारी १९३० कडे यावे. मिठाच्या सत्याग्रहाआधी गांधीजींनी सरकारपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत स्वसंरक्षणासाठी अग्निशस्त्रांचे परवाने द्यावेत ही एक होती. अहिंसेच्या पुजाऱ्याने बंदुकीचा परवाना मागावा याचे आज अनेकांना आश्चर्य वाटते. तेव्हा वाटत नव्हते, कारण प्रश्न हत्याराचा नसून अविश्वासाचा होता. १९३१ च्या कराची ठरावात तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतच आला.

५/ संविधानात मात्र तो आला नाही. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत हरि विष्णु कामथ यांनी तशी दुरुस्ती मांडली, डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती फेटाळली गेली. हा निर्णय योग्यच होता. फाळणीच्या रक्तपातानंतरच्या देशात शस्त्राचा हक्क देणे म्हणजे ज्याच्याकडे आधीच बळ आहे त्याला अधिक बळ देणे ठरले असते. आज अनुच्छेद १९ शस्त्रांचा उल्लेख करतो तो एवढ्यासाठीच की नागरिकांनी एकत्र जमावे ते शांततेने आणि शस्त्रांविना.

६/ १९५९ चा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. वर्णभेद त्याआधीच नियमांतून गेला होता. पण भूगोल राहिला. कलम ४ म्हणते की अग्निशस्त्रांखेरीज इतर शस्त्रांना परवाना तेव्हाच लागेल, जेव्हा केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढून तो प्रदेश आणि शस्त्राचा तो प्रकार नमूद करील. १८६० च्या नकाशाची ही सावली आहे. त्याच १९६२ साली सर्वोच्च न्यायालयासमोर जुन्या कायद्याखालचा एक खटला आला. गंगा-यमुनेच्या उत्तरेकडील प्रदेशात मंजुरीविना खटला भरता येई, दक्षिणेकडे मंजुरी लागे. १८५७ च्या भीतीवर आधारलेला हा भेद समानतेच्या तत्त्वात बसत नाही, असे न्यायालयाने ठरवले. शंभर वर्षांपूर्वीच्या बंडाचा हिशेब प्रजासत्ताकातल्या आरोपीकडून वसूल होत होता!

७/ आता मोजमाप. नियमांच्या अनुसूचीत तलवारी, गुप्त्या, खंजीर, भाले आहेत, आणि नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे सुरे आहेत. लगेच अपवादही आहे: घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक वा औद्योगिक वापरासाठी घडवलेली पाती यात येत नाहीत. म्हणजे शस्त्र अधिनियम वस्तूला विचारतो, तू कशासाठी घडलीस? जुईनगरच्या नाक्यावरचा नारळपाणीवाला घ्या. त्याच्या कोयत्याचे पाते दोन इंचांहून रुंद असणारच, तरी तो शस्त्र नव्हे. कोळणीची सुरी शस्त्र नव्हे. आगरी शेतकऱ्याचा गवत कापायचा विळा नव्हे. ‘सहा इंचांपर्यंत चालते, त्यापुढे नाही’ असे छातीठोक सांगणारे पुष्कळ भेटतात; असा सरसकट नियम या कायद्यात नाही. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने बटणाच्या चाकूंसाठी जेमतेम तीन इंचांची मर्यादा घातली, ती दिल्लीपुरती. तिकडचा आकडा इकडे ऐकीव म्हणून फिरतो आणि कायदा बनून बसतो.

८/ एवढेच असते तर धागा येथेच संपला असता. पण महाराष्ट्रात दुसरा कायदा आहे, आणि सामान्य माणसाची गाठ बहुधा त्याच्याशीच पडते. १८९० चा जिल्हा पोलीस कायदा आणि १९०२ चा मुंबई शहर पोलीस कायदा यांच्या जागी १९५१ साली मुंबई पोलीस अधिनियम आला. आता तो महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणून ओळखला जातो. त्याचे कलम ३७(१) पोलीस आयुक्ताला वा जिल्हा दंडाधिकाऱ्याला मनाई आदेश काढण्याचा अधिकार देते. तलवारी, भाले, बंदुका, सुरे, सोटे, लाठ्या आणि शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू बाळगण्यास मनाई. याच कलमात प्रेतांचे आणि प्रतिमांचे जाहीर प्रदर्शन करण्यासही मनाई करता येते. पुतळे जाळणाऱ्या चळवळींची धास्ती त्या ओळीत अजून जिवंत आहे.

९/ येथे प्रश्न बदलतो. शस्त्र अधिनियम विचारतो, वस्तू कशासाठी घडवली? पोलीस अधिनियम विचारतो, वस्तूने काय करता येईल? दुसऱ्या प्रश्नाला सीमा नाही. कोयत्याने, काठीने, पान्याने, क्रिकेटच्या बॅटीनेही इजा करता येते. तुर्भ्याच्या बाजारात किंवा टीटीसीच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्याच्या पिशवीत यांपैकी काहीतरी असतेच. आदेश लागू असताना ते भंगाच्या कक्षेत येऊ शकते, आणि कलम १३५ प्रमाणे शिक्षा एक वर्षापर्यंत, एरवी चार महिन्यांहून कमी नाही.

१०/ बरे, आदेश कधी लागू असतो? जमावबंदीला, म्हणजे ३७(३) ला, राज्य सरकारच्या मंजुरीविना पंधरा दिवसांची मर्यादा आहे. शस्त्रबंदी आणि जमावबंदी बहुधा एकाच कागदावर निघतात, म्हणून दोन्हींची तारीख एकच पडते. सण, निवडणूक, मोर्चा, जयंती, परीक्षा, काहीतरी निमित्त असतेच. एक आदेश संपतो, दुसरा निघतो. शिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ आहे, म्हणजे १ जुलै २०२४ पूर्वीचे सर्वपरिचित १४४. नवी मुंबईचा आदेश नवी मुंबईपुरता, ठाण्याचा ठाण्यापुरता. तारखा जुळतीलच असे नाही. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते. जुईनगरच्या फलाटावरून ठाण्याला निघालेल्या माणसाने ती वाचली असेल हे गृहीत धरणे हा कायद्याचा आशावाद म्हणावा लागेल.

११/ म्हणूनच पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकांत एक ठरीव ओळ दिसते: भारतीय हत्यार कायदा कलम ४, २५ सह महाराष्ट्र पोलीस अधिनियम कलम ३७(१), १३५. दोन कायदे, दोन वेगळे प्रश्न, पण जोडून एकच आरोप. न्यायालयात मग वकील विचारतो, कलम ४ ची अधिसूचना कोठे आहे? पाते मोजले का? आदेशाला प्रसिद्धी दिल्याचा पुरावा काय? या प्रश्नांवर आरोपी सुटूही शकतो. पण तोवर अटक, जामीन, तारखा आणि गेलेली नोकरी ही शिक्षा भोगून झालेली असते.

१२/ पोलिसांची बाजू पोकळ नाही. पुण्यात कोयते उगारून गाड्या फोडणाऱ्या, वस्त्यांत दहशत माजवणाऱ्या टोळक्यांनी लोकांना किती त्रास दिला हे सर्वांनी पाहिले आहे. हातात कोयता घेऊन रात्री फिरणारा तरुण ‘हे शेतीचे अवजार’ म्हणाला तर ते ऐकून घ्यावे असे कोणी म्हणणार नाही. नारळपाणीवाला आणि तो तरुण यांतला फरक पात्यात नसून हेतूत आहे. पण हेतू सिद्ध करणे कष्टाचे आणि मनाई आदेश दाखवणे सोपे. सोप्या वाटेची सवय झाली की तपास आळसावतो. आक्षेप आहे तो या सवयीला.

१३/ जागेनुसार गुन्हा बदलण्याचे टोक मुंबईने पाहिले आहे. टाडा कायद्याच्या कलम ५ प्रमाणे ‘अधिसूचित क्षेत्रात’ ठरावीक शस्त्रे विनापरवाना बाळगणे हाच टाडाखालील गुन्हा होता, आणि बृहन्मुंबई असे क्षेत्र होते. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर संजय दत्त प्रकरणात, १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केले की बाळगणे म्हणजे जाणीवपूर्वक बाळगणे, आणि आरोपीला आपली बाजू मांडण्याची संधी हवी. शेवटी त्या अभिनेत्याला शिक्षा झाली ती शस्त्र कायद्याखाली. हे तत्त्व आजही उपयोगी आहे. ते ठाऊक असणारे आणि ते मांडणारा वकील परवडणारे थोडे, ही गोष्ट निराळी.

१४/ उलट सूटही जागेची आणि समाजाची असते. कोडगूतील कोडव समाजाला आणि तेथील जम्मा जमीनधारकांना ब्रिटिश काळापासून परवान्यातून सवलत आहे. केंद्राने ती २०२९ पर्यंत वाढवली आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. सह्याद्रीच्या त्याच रांगेत उत्तरेला, सिंधुदुर्गात, रानडुकरांपासून भातशेती राखणाऱ्या शेतकऱ्याला ठासणीच्या बंदुकीसाठी शेतीसंरक्षण परवाना काढावा लागतो, आणि निवडणूक लागली की ती बंदूक जमा करण्याचे फर्मान येते. डुकरांना आचारसंहिता नसते.

१५/ जुईनगरशी याचा संबंध आहे, आणि तो या धाग्यातला सर्वांत गंभीर मुद्दा आहे. नवी मुंबईच्या वसाहतींत कोकणातून आलेली हजारो कुटुंबे राहतात. समजा, गावी वडील वारले. माळ्यावर त्यांची परवान्याची बंदूक आहे. परवाना त्यांच्या नावाचा होता; तो वारसाच्या नावावर आपोआप चढत नाही. मुलगा तेराव्यानंतर जुईनगरला परततो, घराला कुलूप लावतो, बंदूक आतच. त्याने काहीही केलेले नाही, आणि तेच अडचणीचे आहे. कलम २१ सांगते की बाळगणे बेकायदा ठरताच शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे. वारसाला परवाना देण्याची तरतूद २०१६ च्या नियमांत आहे. पण वास्तव्य शहरात, शेत गावात, परवाना शेतीसंरक्षणाचा. एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत बोट दाखवले जाण्याची शक्यता उघड आहे. दोन ते पाच वर्षांचे कलम मात्र एकच आहे, आणि ते हेलपाटे मोजत नाही.

१६/ बदल मोठे नकोत. मनाई आदेश प्रत्येक स्थानकाच्या तिकीटखिडकीजवळ, मराठीत आणि हिंदीत, सुरुवात व शेवट यांच्या तारखांसह लावावा. जुना निघाला की काढावा. कामाचे अवजार झाकून, कामाच्या वेळी नेणाऱ्यास सूट असल्याचे आदेशातच लिहावे. कलम ४ लावणाऱ्या प्रथम खबरी अहवालात अधिसूचनेचा क्रमांक आणि पात्याचे माप असल्याखेरीज तो नोंदवू नये. आणि मृत परवानाधारकाच्या वारसाला ठरावीक मुदत द्यावी. मृत्यूचा दाखला देतानाच ग्रामपंचायतीने ती सांगावी.

१७/ हे होईपर्यंत, माळ्यावर बंदूक निघाली तर ती स्वतः गाडीत घालून नवी मुंबईला आणू नये, दुरुस्तीला देऊ नये, शेजाऱ्याकडे ठेवू नये. ती कायदेशीर बाळगणारा वारला, आता ती नेणाराही विनापरवाना ठरतो. त्या गावच्या पोलीस ठाण्यास जुन्या परवान्याच्या प्रतीसह लेखी कळवून, ते सांगतील त्या रीतीने तेथेच जमा करावी. पावती घ्यावी, आणि तिच्यावर बंदुकीचा क्रमांक व तारीख लिहिली आहे ना, हे ठाण्यातून बाहेर पडण्याआधी पाहून घ्यावे.